डावीकडून तिसरी

किनब्रेमधल्या त्या पिवळ्या घराच्या पायरीवर सोमवारी सकाळी एक मॅगपाय पक्षी बसलेला होता. खरा नव्हे, कापसाचा. काळापांढरा, लांब शेपटीचा, गळ्यात जांभळी फीत. फितीला चिठ्ठी अडकवली होती: "बाबांच्या मॅगपायला. लवकरच भेटू."

सेलेस्टनं तो पाहिला, दार आपटून कडी घातली, सहा वर्षांच्या ओपलला न्हाणीघरात बसवलं आणि वकीलबाईंना फोन लावला. त्या घराचा पत्ता ओपलच्या बापाला, डॅरेल हॉकला, ठाऊक असायचं काहीच कारण नव्हतं. नऊ वर्षं त्यानं सेलेस्टच्या गाडीचे मैल मोजले होते, किराण्याच्या पावत्या तपासल्या होत्या, दोनदा तिचं मनगट पिरगाळलं होतं. नोव्हेंबरात ती पोरीला घेऊन निघाली ती थेट अडीच तासांवरच्या या गावात. सहाशे वस्ती, एक दुकान, एक बर्फाची रिंक. स्वतःच्या आईलासुद्धा तिनं गावाचं नाव सांगितलं नव्हतं.

वकीलबाईंनी फोन केला मर्ना वासिलिशेनला.

मर्नाबाईंचं वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं त्यांनी सस्कॅचेवन प्रांतातल्या रेजायना शहराच्या कोर्टाच्या कचेरीत कागद फिरवले होते आणि खोटं बोलणारा माणूस टेबलापाशी येऊन कोट काढायच्या आत ओळखायला शिकल्या होत्या. आता निवृत्तीनंतर सरकारनं त्यांना एक काम दिलं होतं: सरकारी यादीतल्या मध्यस्थांविरुद्ध तक्रार आली तर चौकशी करायची. इथं नवराबायकोचं भांडण कोर्टात न्यायचं तर आधी मध्यस्थीची पायरी चढावीच लागते. घरात जाच असेल तर सूट मिळते, पण तो जाच आहे की नाही हे आधी कोणीतरी धड विचारावं लागतं. आणि धड विचारणारी माणसं, मर्नाबाईंच्या मते, या धंद्यात बोटावर मोजण्याइतकी होती. बाकीचे सगळे सुगंधी मेणबत्त्या लावून बसलेले.

"गुरुवारी दहाला जज्जसमोर उभं राहायचंय," वकीलबाई म्हणाल्या. "डॅरेलचं म्हणणं, पत्ता सेलेस्टनंच हसत हसत दिला. मध्यस्थही तेच म्हणतोय, लेखी. जज्जनं ते मानलं तर तिची भीती खोटी ठरेल, आणि पोरगी अर्धा आठवडा त्याच्या घरी."

"मध्यस्थ कोण?"

"गॅरिक लुडलो."

मर्नाबाईंनी सूर्यफुलाच्या बियांचं टरफल कागदात थुंकलं. मेणबत्तीवाल्यांत हे नाव पहिलं होतं.

दुपारी त्या किनब्रेला पोचल्या. गावचा हवालदार येऊन गेला होता. गाडीखाली माग काढणारं यंत्रबिंत काही नाही, फोन नवा, नंबर नवा. खेळणं ठेवणं हा गुन्हा नव्हे, असंही तो सांगून गेला होता. त्या चिठ्ठीत शिवी नव्हती, धमकी नव्हती. परक्यानं वाचली तर त्याला बापाची मायाच दिसावी. डॅरेलला अक्कल होती, आणि ती सगळी त्यानं याच कामी लावली होती.

सेलेस्ट स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली होती. मर्नाबाईंनी विचारायला सुरुवात केली.

"पत्ता कोणाकोणाला ठाऊक होता?"

"मला. वकीलबाईंना. आणि मध्यस्थाच्या कचेरीत. तिथं बंद पाकिटात लिहून द्यावा लागतो."

"मध्यस्थीच्या बैठका किती झाल्या?"

"दोन. दोन्ही वेळा वेगवेगळ्या खोल्यांत. गॅरिक या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन फिरायचा."

"शेवटी दहा मिनिटं तिघं एकत्र बसलात, असं त्यानं लिहिलंय. कॉफी प्यायलात. तू घराबद्दल बोललीस."

सेलेस्ट खुर्चीवरून उठलीच. "मी त्या दिवशी डॅरेलचं तोंडसुद्धा पाहिलं नाही हो. भिंतीपलीकडून त्याचं खोकणं ऐकलं, तेवढ्यानं हात गार पडले होते. काम संपलं तशी मला मागच्या दारानं आधी सोडलं, त्याला अर्ध्या तासानं."

"भीती वाटते का, हे गॅरिकनं आधी एकटीला विचारलं होतं?"

सेलेस्ट हसली, पण त्या हसण्यात काही बरं नव्हतं. त्यानं विचारलं होतं, असं तिनं सांगितलं. पडद्यावर, व्हिडिओ कॉलवर, डॅरेल शेजारच्या चौकोनात बसलेला असताना. "तुम्हा दोघांना एकमेकांची भीती वाटते का?" असं. ती काय बोलणार? नाही म्हणाली. मर्नाबाईंनी कपाळाला हात लावला. वाघाला शेजारी बसवून शेळीची खुशाली विचारायची आणि उत्तर अर्जावर लिहून घ्यायचं. यालाच हे लोक कौशल्य म्हणतात आणि त्याचे तासाचे पैसे घेतात.

फ्रिजवर एक फोटो होता. रिंकवर ओळीत अकरा मुली, सगळ्या मॅगपाय: काळे पंख, पांढरी पोटं, पुठ्ठ्याच्या चोची. गावातल्या स्केटिंगच्या जत्रेत यंदा सगळे पक्षी होणार होते. शनिवारी कार्यक्रम, महिनाभर तालीम. ओपल डावीकडून तिसरी. तिनं चोच कपाळावर सरकवलेली, म्हणून तेवढीच ओळखू येत होती. खाली निळ्या पट्टीवर गावाचं आणि मंडळाचं नाव.

"हा फोटो तिथं नेला होतास?"

"त्यांनी ताजा फोटो मागितला होता. तिथं प्रत्येक खोलीत एक रिकामी खुर्ची असते, तिच्यावर मुलाचा फोटो ठेवतात. मूल समोर आहे असं समजून बोला, म्हणून." तिनं पर्समधून दुसरी प्रत काढली. खालची पट्टी कात्रीनं कापलेली, स्केट्सचे पाय अर्धे गेलेले. "नाव कापूनच नेला मी. निघताना तिथल्या बाईंनी परत दिला."

कापलेल्या फोटोत गाव कळेल असं काहीच नव्हतं. पाठही कोरी. मर्नाबाईंनी वहीतल्या यादीतून फोटो खोडला. ही बाई सावध होती. तिच्या जागी त्या असत्या तर पट्टी कापायचं त्यांना सुचलं असतं की नाही कोण जाणे.

न्हाणीघराच्या दारातून ओपलनं डोकं बाहेर काढलं आणि शनिवारी जायचं ना, असं आईला विचारलं. सेलेस्टनं कापलेला फोटो परत पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी मर्नाबाई रेजायनात ‘शांत पाणी’ या केंद्रात शिरल्या. नाव वाचूनच त्यांचं डोकं उठलं होतं. साचलेल्या डबक्यालाही शांतच म्हणतात. आत लॅव्हेंडरचा वास, पाण्याचं कारंजं, प्रत्येक टेबलावर नाक पुसायच्या कागदांचा डबा आणि भिंतीवर गॅरिकची प्रमाणपत्रं. मधोमध जुळवाजुळवीची टक्केवारी काचेत लावलेली होती, शंभरातली ब्याण्णव. डॉक्टरनं किती मेले हे लपवावं आणि किती जण उठून चालत गेले एवढंच लावावं, तसला प्रकार.

टेबलाशी लोरेन होती, साठीची, लोकरीचा स्वेटर घातलेली बाई. तिनं न विचारता बशी पुढं केली. खजुराच्या वड्या. या भागात त्यांना लग्नाचा केक म्हणतात.

"घटस्फोट घ्यायला आलेल्यांना तू लग्नाचा केक खायला घालतेस?" मर्नाबाईंनी विचारलं.

"गॅरिकसाहेबांची कल्पना. त्यांना वाटतं लोक हसतील."

"हसतात?"

"आजवर कोणी नाही हसलं बाई."

बंद पाकिटं कुठं असतात, हे मर्नाबाईंनी विचारलं. लोखंडी कपाटात, किल्ल्या दोघांकडे. लोरेनचा भाऊ डॅरेलच्या संघात बर्फावरचं कर्लिंग खेळतो हे खरं का? लोरेनचे कान लाल झाले. खरं होतं. पण भावाशी ती गेल्या ख्रिसमसपासून बोलत नव्हती, आणि सेलेस्टचं पाकीट तिनं उघडलं नव्हतं. तेवढ्यात आतून पावलं वाजली तसं तिनं आपल्या टेबलाचा खालचा खण लोटला, किल्ली फिरवली आणि ती स्वेटरच्या खिशात टाकली. मर्नाबाईंनी ते पाहिलं आणि वहीत लोरेनच्या नावापुढं खूण केली.

गॅरिक लुडलो आला तो दोन्ही हात पुढं करून. पन्नाशीचा, रेशमी मफलर, आवाज मधाळ.

"मर्ना, ये. इथं आम्ही सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतो."

"मी इथली नाही. मला मिसेस वासिलिशेन चालेल."

त्यानं त्यांना पूर्वेकडची खोली दाखवली, ज्यात डॅरेल बसला होता ती. गोल टेबल, तीन खुर्च्या आणि चौथी रिकामी. रिकाम्या खुर्चीवर चौकट. चौकटीत ओपलचा जुना शाळेतला फोटो होता, दोन दात पडलेला. फोटो होता तळहाताएवढा आणि चौकट जेवणाच्या ताटाएवढी. भोवती राखाडी पुठ्ठा दिसत होता, आणि फोटो घसरून कोपऱ्यात गेला होता. बोलता बोलता गॅरिकनं चौकट हलवून तो मध्ये आणला. पाच मिनिटांत फोटो पुन्हा घसरला, त्यानं पुन्हा आणला.

रिकाम्या खुर्चीची पद्धत त्याचीच, असं तो म्हणाला. आता सगळ्या प्रांतातल्या मध्यस्थांना ती शिकवायचं काम त्याच्याकडे येणार होतं, पुढल्या महिन्यात सही. "खुर्चीवरचं मूल सुंदर दिसलं पाहिजे. आईबाप विरघळतात. सौंदर्य हे अर्धं काम करतं."

"आणि उरलेलं अर्धं कोण करतं?"

त्याला प्रश्न कळला नाही, किंवा त्यानं तसं दाखवलं.

त्याचं टिपण त्यांनी वाचलं. खोलीत बोललेलं खोलीबाहेर जाऊ नये असा नियम आहे, पण चौकशी अधिकाऱ्याला टिपण पाहता येतं, आणि गॅरिकनं ते नको तितक्या आनंदानं पुढं केलं. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी दोघं स्वखुशीनं एकत्र बसली. वातावरण मोकळं. सेलेस्टनं नव्या घराचा आणि मुलीच्या स्केटिंगचा आपणहून उल्लेख केला.

"ती म्हणते असं झालंच नाही."

गॅरिकनं मान तिरकी केली, डोळ्यांत करुणा आणली. "दुखावलेली माणसं नंतर गोष्टी विसरतात. मी तिला दोष देत नाही."

मर्नाबाईंना त्या क्षणी त्याचा मफलर गच्च आवळावासा वाटला. दोष देत नाही म्हणे! बाईनं नऊ वर्षं सोसलं, पट्टी कापून फोटो आणला, आणि हा शहाणा तिच्या आठवणीवर दया दाखवतोय. चोर तो चोर, वर शिरजोर. पण चोरी केली कशी, हे अजून त्यांच्या हाती लागलं नव्हतं, आणि नुसत्या रागाचा जज्जपुढं काही उपयोग नसतो.

त्यांनी दाराशी थांबून एवढंच सांगितलं, की उद्या दोन वाजता डॅरेललाही इथं बोलावलंय. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. "तुझीच पद्धत. मी या खोलीतून त्या खोलीत फिरेन."

गॅरिकचं हसू जरा उशिरा आलं.

बुधवारी पूर्वेच्या खोलीत डॅरेल हॉक पाय पसरून बसला. शेतीच्या यंत्रांचा विक्रेता, दाढी नीट कापलेली, बोलणं गोड. पश्चिमेच्या खोलीत गॅरिक. मधल्या वाटेवर लोरेनचं टेबल. दोघांचेही फोन मर्नाबाईंनी लोरेनच्या टेबलावर ठेवायला लावले होते.

पहिला प्रश्न गॅरिकला. एकत्र बसलात तेव्हा खिडकीपाशी कोण होतं?

"डॅरेल. ऊन त्याच्या पाठीवर होतं."

त्या चालत पूर्वेकडे गेल्या.

"सेलेस्ट," डॅरेल म्हणाला. "तिला खिडकी लागते."

मर्नाबाईंनी लिहून घेतलं, परत फिरल्या. सेलेस्टनं काय खाल्लं? गॅरिकला नक्की आठवत होतं, लग्नाचा केक, आणि ती चक्क हसली होती. डॅरेलला तेवढंच नक्की आठवत होतं की ती काही खात नव्हती. कॉफी कोणी ओतली? गॅरिक म्हणाला मी, डॅरेल म्हणाला ती बाहेरची म्हातारी. वाटेवरून जाता येता लोरेन त्यांच्याकडे बघत होती. तिची बोटं स्वेटरच्या खिशात होती.

चौथ्या खेपेला मर्नाबाई डॅरेलच्या समोर बसल्या.

"तुझी आणि गॅरिकची बैठक एकच होती ना रे? मला तर दोन वेगळ्या ऐकू येतायत."

"माणसं विसरतात."

"बरं, स्केटिंगचं काय म्हणाली ती? ते तरी आठवतंय?"

इथं तो सैलावला. इथं त्याला खोटं बोलायची गरज नव्हती, निदान त्याला तसं वाटलं.

"ओपल मॅगपाय होणार म्हणून. अकरा पोरी आहेत, ही तिसरी, डावीकडून. चोच नीट बसत नाही तिची, कपाळावर ढकलते. माझ्यासारखीच आहे, तोंड झाकलेलं चालत नाही."

मर्नाबाईंनी पेन खाली ठेवलं.

"डावीकडून तिसरी, असं सेलेस्ट म्हणाली?"

"हो."

"तोंडानं?"

डॅरेलनं पसरलेले पाय आत ओढले.

"माझ्या नातवाबद्दल मी कोणाला सांगते तेव्हा तो हॉकी खेळतो म्हणते. डावीकडून कितवा हे नाही सांगत. ते बघणारा सांगतो. तू काय बघितलंस?"

त्यानं खांदे उडवले. मग त्याच्या चेहऱ्यावर तुच्छता आली, आणि ती मर्नाबाईंसाठी नव्हती. "फोटो. या खुर्चीवर होता. एवढा मोठा. मी काय चोरी केली? माझ्या नाकासमोर आणून ठेवला, खाली निळ्या अक्षरात गावाचं नाव, मी वाचलं. वाचायला बंदी आहे? सहाशे वस्तीचं गाव, एक रिंक. रविवारी तालीम सुटली, त्यांच्या मागनं गेलो."

"आणि तिनंच पत्ता दिला, हे कोणाच्या डोक्यातून निघालं?"

"त्याच्या. सोमवारी फोन आला त्याचा. म्हणाला, तू असं सांग, मी तसं लिहितो, दोघांचंही भलं होईल. मला काय, माझं काम झालं होतं."

मर्नाबाई उठल्या. दार उघडं ठेवून त्यांनी गॅरिकला बोलावलं आणि लोरेनला म्हणाल्या, "तूही ये गं आत. येताना तो खालचा खण उघड."

लोरेन उठली ती जड पायांनी. खणातून तिनं एक मोठा कागद काढला आणि छातीशी धरून आत आली. गॅरिकनं तो पाहिला आणि मफलर सैल केला.

"तुला हा यंत्रात घालून फाडायला सांगितला होता ना त्यानं?" मर्नाबाईंनी विचारलं.

"सोमवारी, बाई. कातरून टाक म्हणाले." लोरेननं कागद आणखी घट्ट धरला. "पण पोरीचं तोंड आहे हो त्यावर. मला नाही घालता आलं. आणि काल तुम्हाला सांगायला हवं होतं, तेही नाही जमलं. नोकरी जाईल म्हणून भ्यायले."

मर्नाबाईंनी चौकटीतला लहान फोटो काढून बाजूला ठेवला आणि लोरेनचा कागद आत सरकवला. बरोब्बर बसला, चारी बाजूंनी. तळाशी निळी पट्टी, आणि पट्टीवर किनब्रेचं नाव.

"ही चौकट काल मला सगळं सांगत होती, मीच बहिरी," त्या म्हणाल्या. "तू दोनदा फोटो सरळ केलास गॅरिक. ज्याला खुर्चीवरचं मूल सुंदर लागतं, तो ताटात मोहरी ठेवल्यासारखा फोटो कशाला लावेल? चौकट दुसऱ्या कशासाठी आणली होती. पण मी फोटो यादीतून आधीच खोडून बसले होते, कारण सेलेस्टचा फोटो कापलेला होता. आईनं कापला, ते बरोबर. पण तो तुझ्या डोळ्यात खुपला. कड वाकडी, पोरींचे पाय अर्धे. मग काय केलंस ते तू सांगतोस की मी सांगू?"

गॅरिकनं हात पुढं करून चौकट पालथी ठेवली.

"पत्ता तुझ्याकडे होता. बंद पाकीट उघडलंस, गावाचं नाव घेतलंस, तिथल्या स्केटिंग मंडळाच्या संकेतस्थळावर गेलास आणि सबंध फोटो उतरवून लोरेनला मोठा छापायला दिलास. सेलेस्टच्या खोलीत तिचाच कापलेला राहू दिलास, म्हणून तिला कळलं नाही. आणि हा मोठा फोटो स्वतःच्या दोन हातांनी उचलून या गृहस्थासमोर आणून ठेवलास. त्यानं विरघळावं म्हणून!"

डॅरेल हसला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"सोमवारी वकीलबाईंचा फोन आला तेव्हा तुला उमगलं. खरं सांगितलं असतंस तर मूर्ख ठरला असतास, एवढंच. मूर्खांना मी एकतीस वर्षं पोसलंय. पण तुझे ब्याण्णव टक्के, तुझी शिकवणी, तुझी पुढल्या महिन्याची सही. म्हणून फोटो फाडायला दिलास, जुना आणून चौकटीत टाकलास, न झालेल्या बैठकीचं टिपण लिहिलंस, आणि ज्या माणसापासून ती लपली होती त्यालाच फोन करून सांगितलंस, काय खोटं बोलायचं ते. त्या बाईची पोरगी त्याच्या हाती देऊन तू आपलं प्रमाणपत्र वाचवत होतास."

"माझा हेतू वाईट नव्हता," गॅरिक म्हणाला. आवाजातला मध आटला होता. "फोटो कापलेला होता. मला वाटलं, वडिलांना मुलगी पूर्ण दिसावी."

"कापलेला दिसला तुला. का कापलाय, हे विचारावंसं नाही वाटलं?"

गॅरिकनं मफलर काढून त्याची घडी घातली. मर्नाबाईंनी थोडी वाट पाहिली, कारण त्यांना खरोखरच ऐकायचं होतं. एवढ्या प्रमाणपत्रांच्या माणसाला हा एक साधा प्रश्न पडू नये, याचं त्यांना कोडं होतं. मग त्यांनी फोटो, टिपण आणि लोरेनचा लेखी जबाब पिशवीत घातला. डॅरेलला त्या जाताना एवढंच म्हणाल्या, की तू आत्ता चौकशी अधिकाऱ्यापुढं बाईच्या आणि पोरीच्या मागावर गेल्याचं कबूल केलंस, आणि माझं अक्षर चांगलं आहे. त्याचं हसू तेव्हा गेलं.

गुरुवारी दहाला जज्जबाईंनी अहवाल वाचला, मग तो मॅगपाय हातात घेऊन चिठ्ठी वाचली. मध्यस्थी रद्द झाली. पोरीला भेटायचं तर महिन्यातून दोनदा, सरकारी खोलीत, तिसरं माणूस समोर असताना; आईच्या घराच्या, शाळेच्या आणि कुठल्याही रिंकच्या आसपास डॅरेलनं फिरकायचं नाही. गॅरिकचं नाव दुपारच्या आत यादीतून निघालं. त्याच्या खोट्या टिपणाचं काय करायचं ते सरकारी वकील बघणार होते. लोरेननं त्याच दिवशी राजीनामा दिला आणि मर्नाबाईंना वड्यांचा डबा पाठवला. त्यांनी तो खाल्ला, कारण वड्यांचा काही दोष नव्हता.

हा झाला निकाल. पण पत्ता एकदा फुटला की कुठल्याही जज्जला तो परत पाकिटात घालता येत नाही. कोर्टाचा कागद घराच्या दाराला आडवा उभा राहत नाही, हे सेलेस्टला कोणी शिकवायची गरज नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी ती आणि ओपल निघून गेल्या. कुठं, ते या वेळी वकीलबाईंनीही कागदावर लिहिलं नाही. निघण्याआधी सेलेस्टनं मर्नाबाईंना फोन केला. आभार मानले. मग म्हणाली, ओपल विचारतेय, तिथं रिंक असेल का.

"सस्कॅचेवनमध्ये चर्च नसलेलं गाव सापडेल, रिंक नसलेलं नाही, असं सांग तिला," मर्नाबाई म्हणाल्या.

शनिवारी त्या काही काम नसताना अडीच तास गाडी चालवत किनब्रेला गेल्या. लाकडी बाकावर गोधडी पसरून बसल्या, बिया चघळल्या. घुबडं झाली, बदकं झाली, एक फार लठ्ठ हंस पडला आणि सगळ्यांनी त्याला टाळ्या दिल्या. मग मॅगपाय आले. मर्नाबाईंनी मोजले, दहा.

शिकवणाऱ्या बाईंनी पोरींना ओळ भरून काढायला सांगितली असणार, पण पोरींनी ती भरली नव्हती. एक, दोन, मग एका मुलीएवढी जागा, मग उरलेल्या आठ. वळताना, गोल फिरताना, मागं सरकताना त्यांनी ती जागा शेवटपर्यंत सोडलेली होती. दुसऱ्या आणि चौथ्या पोरीनं तर हातसुद्धा तसेच लांब धरले होते, मध्ये कोणीतरी धरलेलं असावं तसे.

मर्नाबाईंना गॅरिकची खुर्ची आठवली, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रिंकच्या बाकावर बसून मोठ्यानं एक शिवी दिली. शेजारच्या आजोबांनी वळून पाहिलं. त्यांनी आजोबांपुढं बियांची पुडी धरली, नाक पुसलं आणि टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या.